दीड मिलिमीटर कार्बन

एक ब्रश दीड मिलिमीटर उरला होता, दुसरा जेमतेम दोन. नवा साडेदहा असतो. मी स्टीलच्या पट्टीने दोन्ही तीन-तीनदा मोजले आणि सरासरी काढली. जे फेकूनच द्यायचंय त्याची सरासरी काढणारी बाई जावा बेटावरच्या सालातिगाच्या आमच्या गल्लीत दुसरी नसावी.

हे कार्बनचे ब्रश माझ्या सत्तावीस वर्षांच्या गाडीच्या अल्टरनेटरमधले, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणाऱ्या यंत्रातले. ते झिजल्याने बॅटरी भरत नव्हती आणि दोन महिने गाडी दारात उभी होती. खरं सांगायचं तर ती तशी उभी असणं माझ्या सोयीचं होतं. इबू, म्हणजे आमच्या आई, वर मेरबाबू डोंगराच्या उतारावर एकट्या राहतात. कोबी लावतात, कोंबड्या पाळतात. मार्चमध्ये त्या अंगणात घसरून पडल्या. तेव्हापासून थोरली बहीण, म्बाक एस्ती, म्हणजे एस्तीताई, एकच विचारत होती: तू वर जाऊन त्यांच्याजवळ राहतेस, की मी त्यांना माझ्याकडे सुराबायाला नेऊ? वरून माझी शाळा वीस किलोमीटर, म्हणजे रोज गाडी लागणार. "गाडी नीट झाली की सांगते," असं मी म्हणायचे. मला माझं शांत घर, लेबलं लावलेले डबे, कुणी न हलवलेली खुर्ची सोडवत नव्हती. हे उघड बोलण्यापेक्षा अल्टरनेटरवर ढकलणं बरं.

शेवटी एका रविवारी दुपारी म्बाकच आली, इबूंना आणि त्यांच्या कपड्यांच्या बोचक्याला घेऊन. साडेपाचची सुराबायाची बस होती. मी ओसरीत वर्तमानपत्र पसरून, अल्टरनेटर उघडून बसले होते.

"कोपऱ्यावर दुकान आहे की," म्बाक म्हणाली. "तासाभरात करून देतात."

"मी बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवतेय, म्बाक."

"म्हणून तर म्हणतेय."

मी लक्ष दिलं नाही. बेअरिंगं आदल्या दिवशीच बदलली होती. आता नवे ब्रश डाग देऊन बसवले, ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्या बारीक पॉलिश पेपरने चकचकीत केल्या. ब्रशांमागे स्प्रिंग असते. जोडणी करताना ते आत दाबून धरायला मागच्या भोकातून काहीतरी आडवं घालावं लागतं. स्वयंपाकघरात सातेच्या, मांसाचे तुकडे ओवून भाजायच्या, बांबूच्या काड्या होत्या. त्यातली एक घातली, झाकण आवळलं, अल्टरनेटर गाडीत बसवून पट्टा चढवला. शेजाऱ्यांकडून भरून आणलेली बॅटरी लावली आणि किल्ली फिरवून इंजिन सुरू केलं.

समोरचा बॅटरीचा लाल दिवा लागला नाही.

"दिवा नाही! म्हणजे चार्ज होतंय!" मी ओरडले. तो दिवा किल्ली फिरवताच आधी लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा, हे मला पक्कं ठाऊक होतं. आनंदात विसरले.

मल्टिमीटरला आनंद झालेला नव्हता. बारा पूर्णांक एक व्होल्ट; हवे होते चौदाच्या आसपास. पाच मिनिटांनी अकरा पूर्णांक नऊ. मी वहीत तक्ता आखला. संशयित क्रमांक एक: डायोड. दोन: रेग्युलेटर. तीन: खुद्द मल्टिमीटर. पाऊण तास मी एकेकाची चौकशी केली. सगळे निर्दोष सुटले. इबू काठी टेकत आल्या, तळलेल्या टेंपेचा, म्हणजे सोयाबीनच्या वडीचा, तुकडा चघळत बोनेटखाली डोकावल्या.

"तितिस, ती काडी काढायची नाही का?"

"कुठली काडी?"

"ती, मागून बाहेर आलीय ती. भाजायला ठेवलंयस का ते यंत्र?"

म्बाकला हसताना चहाचा ठसका लागला. "बत्तीस वर्षं!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणू शकत होती.

काडीमुळे ब्रश कड्यांना टेकतच नव्हते. मी इंजिन बंद केलं आणि पकडीने काडी ओढली. आत टक् असा आवाज झाला. किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, दिवा विझला. चौदा पूर्णांक दोन. हेडलाइट लावून पाहिले, तरी तेरा पूर्णांक नऊ. याहून चांगला आकडा मला मागताही आला नसता.

"चला, झाली एकदाची." म्बाकने घड्याळ पाहिलं. "आता आम्हाला बसस्टँडवर तरी सोड. ऑटोचे पैसे वाचले."

दोन महिन्यांनी दुरुस्त झालेल्या गाडीला पहिलं काम मिळालं ते हे. इबूंच्या बोचक्याची गाठ घट्टच होती, तरी त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली. मग मला विचारलं, "शेजारीण कोंबड्यांना दाणे वेळेवर घालेल ना? ती उशिरा उठते."

मी वहीत चौदा पूर्णांक दोन लिहिलं. खाली रेघ मारली. आणखी एक मारली. पुढची ओळ कोरी होती, आणि तिथे मांडायला एकही संशयित उरला नव्हता.

"बसा गाडीत," म्बाक इबूंना म्हणाली.

"पुढे बसा, इबू," मी म्हणाले. "आपण स्टँडवर जात नाही. वर जातोय. मी तुमच्याकडे राहायला येतेय."