मूळपुरुषाची पेटी

थॅकवेल मंडळींना आपल्या मूळपुरुषाचा भारी अभिमान. १८४९ साली इंग्लंडहून जहाजात बसून जोसाया थॅकवेल दक्षिण ऑस्ट्रेलियात आला, त्याने माळ फोडला, गहू पिकवला आणि तेव्हापासून त्याच्या वंशजांनी नाक जे वर केलं ते खाली आणलंच नाही. यंदा, १९३६ साली, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीची शंभरी होती. त्यानिमित्त शेतात पुरलेली जोसायाची शवपेटी उकरून बिशपच्या हस्ते चर्चच्या आवारात पुरायची, वर नवा दगड बसवायचा, असं थोरल्या ऑब्रीने ठरवलं. घराण्याचा इतिहास लिहिण्याचं काम त्याने बहिणीच्या, विनीच्या गळ्यात मारलं. बिनलग्नाच्या बाईला दुसरा उद्योग तो काय!

विनीने सहा महिने जुने कागद उपसले, गावोगावी पत्रं धाडली. जोसायाने माळ फोडला खरा, पण तीनच वर्षं. मग सोन्याच्या नादाने त्याने व्हिक्टोरियात पोबारा केला, तिथे दुसरं लग्न केलं, सात पोरं काढली आणि तिथेच मेला. तिकडच्या नातवाने जोसायाचा म्हातारपणचा फोटोही पाठवला. नाक तेच. इकडे पाच लेकरं सांभाळून जमीन कसली ती त्याच्या बायकोने, टॅबिथाने.

"दगडावर तिचं नाव हवं," विनी म्हणाली.

"'आणि पत्नी' असं लिहिलंय की!"

"नाव, ऑब्री. पत्नी कुणीही असते."

"तो फोटो चुलीत घाल. बिशपसमोर माझी शोभा नको."

"मग शेतात पुरलंय कोण?"

"कोण म्हणजे? जोसाया! दरवर्षी आपण त्याच्यावर पोर्ट वाइन ओततो ना?"

ऐंशी वर्षं हे मठ्ठ लोक तिथे टोप्या काढून उभे राहत होते. विनीला त्यांची किळस आली.

गुरुवारी सकाळी खोदकाम करणाऱ्या टॉडने पेटी वर काढली. झाकण सैल होतं, ते उचकटून त्याने आत पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"साहेब, आत म्हातारबुवा काही दिसत नाहीत."

आत धोंडे होते. आणि पिठाच्या गोणपाटात गुंडाळलेला नांगराचा मोडका फाळ.

ऑब्रीचा चेहरा पांढराफटक पडला. विनीला मात्र सगळं उमगलं. नवरा जिवंत असेतो जमीन त्याची, मग तो कुठेही उलथलेला असो. विधवेला मात्र ती मिळे. टॅबिथाने पळपुट्याच्या नावाने धोंडे पुरून टाकले होते. विनी पोट धरून हसली.

"टॉड, खिळे ठोक," ती म्हणाली. "आणि ऑब्री, दगडावर टॅबिथाचं नाव. वर, मोठ्या अक्षरांत. नाहीतर बिशपसमोर झाकण मी उघडते."

"तुला लाज नाही?"

"आहे. म्हणूनच सांगतेय."

पुढच्या रविवारी सहा थॅकवेलांनी पेटी खांद्यावर घेतली. घामाने निथळत एकजण कुजबुजला, "काय हाडपेर असेल हो बुवांचं!" बिशपने धोंड्यांच्या आत्म्याला शांती मागितली, सगळ्या गावाने टोप्या काढल्या, दोन म्हाताऱ्या रडल्यासुद्धा.

मग रीतीप्रमाणे घरातल्या थोरल्याने दगडावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा होता. ऑब्री पुढे झाला. त्याने विनीकडे पाहिलं. विनी पेटीकडे पाहत होती.

त्याने घसा खाकरला आणि वाचलं, "टॅबिथा थॅकवेल. ही जमीन हिने कसली."