पेटीवरचा नारळ

हैबतराव खाकरले की म्हसूला मळमळायचं. ते खाकरणं साधंसुधं नव्हतं. आधी पोटातून काहीतरी वर खेचलं जाई, मग घशात घोळवलं जाई, आणि शेवटी पानाच्या लाल पिचकारीसकट जिथे पडायचं तिथे पडे. पिरंगुटच्या त्यांच्या नव्या बंगल्याचा एक कोपरा त्यातून सुटला नव्हता. आणि याच माणसाच्या बँडपार्टीत म्हसू इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता. गिटार हैबतरावांची, अँप्लिफायर हैबतरावांचा. त्याला सगळे पेटी म्हणत. दोन्ही वस्तू ते कुणाला उंबऱ्याबाहेर एकट्यानं नेऊ देत नसत.

पुण्यातल्या लग्नांत पार्टी वाजायला लागली की हैबतराव पेटीजवळ जाऊन बटण शेवटपर्यंत पिळत. "आवाज घोटावड्यापतूर गेला पायजे!" मग पेटीतून जे बाहेर पडे त्याला सूर म्हणायची म्हसूला लाज वाटे. वऱ्हाडी टाळ्या पिटत. त्या टाळ्यांचासुद्धा त्याला वीट आला होता.

अशाच एका लग्नात खांबेटे नावाच्या गृहस्थांनी त्याला ऐकलं. ते मुंबईच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते. त्या गोंगाटातही त्यांना म्हसूची बोटं कळली, हे नवलच. ते म्हणाले, "मी मशीन घेऊन तुमच्या गावी येतो. फीत आमच्या संगीतकारांना आवडली तर मुंबईत कायमची नोकरी." म्हणजे फीत आवडली तर सुटका, नाही तर जन्मभर ते खाकरणं.

भाताची कापणी उरकल्यावर खांबेटे आले. हैबतरावांनी हॉल झाडून ठेवला होता. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेच्या कपाटात कपबश्या. पहिला सूर काढताच तो चारी भिंतींना आपटून परत आला आणि कपबश्या थरथरल्या. हैबतरावांनी खुशीत बटण पिळलं. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडाव्यात तसा आवाज झाला. खांबेट्यांनी कानांवरचे फोन काढून ठेवले.

"इथे नाही जमायचं," ते म्हणाले आणि जागा शोधायला आवारात निघाले. म्हसू घाईनं त्यांच्या मागे निघाला, कारण ते हैबतरावांच्या भातगिरणीच्या मागच्या खोपीकडे वळले होते.

त्या खोपीत म्हसूचा बाप होता. येसाजीची मेंढरं खतासाठी हैबतरावांच्या शेतात बसवली होती, आणि कातरलेली लोकर ठेवायला त्याला ही खोप मिळाली होती. दार उघडलं की वास अंगावर यायचा. लोकरीचं तेल, लेंड्या, मूत, आणि घोंगड्यांना दिलेल्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस दर्प. हा वास अंगावरून जावा म्हणून म्हसू वर्षानुवर्षं साबण घासत होता. आपण मेंढपाळाचं पोर आहोत हे त्यानं खांबेट्यांना सांगितलं नव्हतं.

खांबेट्यांनी नाकाला रुमाल लावला, आत जाऊन एक टाळी वाजवली आणि कान टवकारले. टाळी जागच्या जागी विरली. "हीच जागा!"

"या की सायेब, बसा," येसाजी पोत्यावर घोंगडी अंथरत म्हणाला. "ह्यो माजा पोरगा हाय."

म्हसूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खांबेट्यांना बापाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी गिरणीतून वायर ओढली. गिरणी चालू असली की पेटी घुमते, म्हणून ती दुपारपर्यंत बंद ठेवायला लावली. पेटी जमिनीवरून उचलून लोकरीच्या पोत्यावर ठेवली, मागे घोंगडी टांगली. माइक पेटीच्या अगदी समोर धरला तेव्हा आवाज टोचला. जरा बाजूला सरकवला तेव्हा गोड झाला. "बटण कमी करा. अजून कमी. आता वाजवा."

म्हसूनं तार छेडली आणि त्याचा त्यालाच विश्वास बसेना. सूर स्वच्छ होता, लांबवला की लांबत होता, बोट सरकलेलंसुद्धा ऐकू येत होतं. चार वर्षांत त्यानं स्वतःला पहिल्यांदाच ऐकलं. येसाजी हातातली लोकर तशीच धरून बसला होता.

"आत्ता वळकू आला," तो म्हणाला. "ह्यो तू हायेस."

"ही तालीम झाली. आता फीत चढवतो," खांबेटे म्हणाले.

तेवढ्यात दारात खाकरणं ऐकू आलं. हैबतराव हातात नारळ घेऊन उभे होते. "म्हूर्ताबिगर सुरू केलं व्हय? गिरणीचं चाकसुदिक आमी नारळाबिगर फिरवलं न्हाई!"

"अण्णा, पेटीवर नगं!" म्हसू ओरडला. नारळ तोवर पेटीच्या कोपऱ्यावर फुटला होता. पाणी पुढच्या कापडातून आत झिरपलं. नशीब, कुणी विजेला चिकटलं नाही. हैबतरावांनी ओशाळून कापड बाजूला सारलं आणि "पुसतो की" म्हणत चुन्यानं माखलेलं बोट आत घातलं. आतल्या कर्ण्याचा, म्हणजे स्पीकरचा, भिजलेला कागद टरकन फाटला.

म्हसूनं तार छेडली. पेटी खाकरली. अगदी तसंच, पोटातून खेचून, घशात घोळवून. त्याला ओकारी आली. दुसरा कर्णा मुंबईशिवाय मिळणार नव्हता आणि बाहेर भाताच्या गाड्या गिरणीसाठी खोळंबल्या होत्या. खांबेटे हताश होऊन फीत चालू करत म्हणाले, "बोटं तरी ऐकू द्या त्यांना." त्यानं डोळे मिटून, दात खाऊन वाजवलं.

आणि मुंबईनं ते डोक्यावर घेतलं! असला आवाज म्हणे कुणाकडेच नव्हता. म्हसूला बोलावणं आलं. स्टुडिओत पेटी नवी कोरी होती. बापाकडून मुद्दाम आणलेली घोंगडी टांगून त्यानं तो स्वच्छ सूर पुन्हा लावला. काचेपलीकडून संगीतकारांनी मान हलवली. "हा कोण वाजवतो? आम्हाला फितीवरचा तो पाहिजे." बाहेर दुसरे गिटारवाले ताटकळत बसलेच होते. म्हसूनं कापड सारलं आणि आपलंच बोट आत घातलं.

वर्षभरानं तो गावी आला. पिरंगुटच्या हॉटेलात रेडिओवर त्याचं गाणं लागलं आणि गिटार गुरगुरली. हैबतराव मांडीवर थाप मारून सगळ्यांना सांगू लागले, "आमच्या नारळाचा गुण हाय ह्यो!" येसाजी कपबशी खाली ठेवून गाणं संपेपर्यंत ऐकत राहिला.

"आबा, म्याच वाजवलंय," म्हसू म्हणाला.

"न्हाई," येसाजी म्हणाला. "ह्यो तू न्हाईस. ह्यो हैबतराव हाय."

म्हसूच्या घशात काहीतरी दाटलं. ते गिळता येईना, म्हणून तो हॉटेलाबाहेर आला, खाकरला आणि थुंकला.