पुसलेली नळी

निदिया मागच्या बाकावर बसून पेर्लाबाईंच्या चुका टिपत होती. म्हातारीचं इंग्रजी गावठी, अक्षर तिरकं. आणि ही राजधानी असुन्सिओनहून पदविका घेऊन आलेली! महिनाअखेर बाई निवृत्त होणार होत्या. सोमवारी निदियाने शिकवायचं, आणि या मोठ्या माणसांच्या वर्गाने होकार दिला तरच जागा तिची.

पण वर्ग इंग्रजीत बोलत होता, आणि तेच तिला पचत नव्हतं. बाई नुसता तेरेरे फिरवायच्या. त्या गार, कडू पाण्याचा शिंगाचा पेला एकाच नळीसकट हातोहात जायचा. ज्याच्या हाती पेला त्याने इंग्रजीत काहीतरी सांगायचं, मग प्यायचं. तोडकंमोडकं चालायचं.

काल बाजारात निदियाने क्रिस्पिन खाटकाला इंग्रजीत साधी चौकशी केली, तर तो सुरीकडे बघत बसला. आज तोच बायकोचं घोरणं रंगवून सांगत होता.

"बाई, तुमचे मालक घोरतात का हो?"

"घोरतात कसले, छप्पर उडवतात!"

वर्ग खदखदला. निदियाच्या पोटात दुखलं. तेवढ्यात क्रिस्पिनने हसत पेला तिच्यापुढे केला. तिने रुमाल काढून नळीचं तोंड पुसलं.

हसू थांबलं. आपल्याकडे वैऱ्याच्या तोंडची नळीसुद्धा कोणी पुसत नाही. निदियाला हे काय ठाऊक नव्हतं? पण जळफळाट आधी हातात येतो.

वर्ग सुटल्यावर बाई म्हणाल्या, "पोरी, राग माझा ना? मग त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?"

"छे हो बाई, राजधानीत सगळेच पुसतात," निदियाने थाप मारली.

सोमवारी तिने पेला अगदी बाईंसारखाच फिरवला. जो तो एक वाक्य बोलला, बिनचूक बोलला, आणि गप्प बसला. क्रिस्पिन प्यायला. मग इस्त्रीचा रुमाल काढून त्याने नळी नीट पुसली आणि पेला तिच्यापुढे धरला.

"घ्या, बाई. स्वच्छ आहे."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिने पेला न पिताच हातोहात मागच्या बाकावर पेर्लाबाईंकडे पाठवला. त्यांनी नळी न पुसता तोंडाला लावली.

"काय रे क्रिस्पिन, छप्पर शाबूत आहे ना?"

सगळा वर्ग मागे वळून हसू लागला. फळ्यापाशी उभ्या निदियाला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या.