झाकणावरचे सहा दोरे

माझी बायको सू-च्यून गणिताच्या शिकवण्या घ्यायची. आजारपणात तिने आमच्या अकरावीतल्या मुलीसाठी, यू-फानसाठी, फोनवर धडे बोलून ठेवले. शेवटचा धडा कोनांचा. पूर्ण फेरीपेक्षा मोठा कोन अंशांत कसा मोजायचा ते सांगून ती म्हणते, "आता हेच अंशांशिवाय मोजू. उद्या." पुढचा धडा नाही.

वर्गात ल्याओ बाईंनी रेडियन, म्हणजे अंशांशिवाय कोन मोजणं, सुरू केलं आणि यू-फान अडून बसली.

"ल्याओ बाईंना विचार," मी म्हणालो.

"आई शिकवणार होती."

"सोमवारी चाचणी आहे ना?"

"असू दे."

मी मंदिरामागच्या गल्लीत बाओ, म्हणजे सारण भरून वाफवलेले पाव, विकतो. माझी शाळा लहानपणीच सुटली. शेवटी मीच बाईंकडे जाऊन समजून घेतलं.

घरी बाओच्या टोपलीचं बांबूचं झाकण घेतलं. मध्यापासून कडेपर्यंत दोरा धरला, तेवढेच आणखी तुकडे कापले आणि ओल्या पिठाने कडेवर चिकटवत गेलो.

"एका दोऱ्याएवढी कड म्हणजे एक रेडियन."

"म्हणजे किती अंश?"

"सत्तावन्न आणि वर थोडे."

"थोडे म्हणजे किती? बाओत अंदाजाने सारण भरताय का बाबा?"

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मला धीर आला.

सहा दोरे लागले आणि थोडी फट उरली.

"ही का उरली?"

"उरतेच. अर्ध्या फेरीत तीन दोरे आणि थोडं. त्याला गणितात पाय (π) म्हणतात. पाय रेडियन म्हणजे एकशे ऐंशी अंश."

"पण का उरते?"

बाईंनी ते सांगितलं होतं की नाही, मला आठवेना.  यू-फान फोन कानाला लावून आईचा तोच धडा पुन्हा ऐकत बसली.

चाचणीनंतर ल्याओ बाईंनी मला पेपर दाखवला. उत्तरं रेडियनमध्ये हवी होती. यू-फानने सगळी अंशांत लिहिली होती.

"कोन सगळे बरोबर आहेत हो," बाई म्हणाल्या. "पण मी गुण कसे देऊ?"



घरी आलो तर ती नखाने झाकणावरचे दोरे खरवडत होती. पीठ वाळून घट्ट झालं होतं.

"राहू दे ना ते," मी म्हणालो.

"मग उद्या टोपली कशाने झाकणार?"

तिने सगळे दोरे काढले आणि झाकण धुवायला घेतलं.