‘आधी’चा फोटो

मानेची दुखणी बरी करणारा म्हणून नवऱ्याचं नाव झालं होतं आणि बायकोची मान मात्र खांद्यांच्या पुढे पळत होती. बाळाला पाजताना तासन्‌तास खाली बघायचं, त्याचंच ते फळ.

“दिव्याखाली अंधार,” सासूबाई म्हणायच्या.

“आई, दिव्यालाच तो हवाय,” ती म्हणायची.

खोटं नव्हतं. त्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर उपचाराच्या ‘आधी’ची मान म्हणून तिचाच फोटो होता, बाजूने घेतलेला, चेहरा कापलेला. “व्यायाम मी करून घेईन, ‘नंतर’चाही तुझाच लावू,” असं तो फोटो काढताना म्हणाला होता. पुढे त्याला सवड झाली नाही. तिच्या डाव्या हाताला मुंग्या यायच्या आणि बाळ हातातून निसटेल या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागायचा.

शेवटी तो पेशंटना फोनवर सांगायचा तेच ऐकून तिने मनावर घेतलं. पाठ भिंतीला, डोकं भिंतीला, नजर समोर आणि हनुवटी सरळ मागे ओढायची. गळ्याला वळी पडली की बाळ चटईवर खिदळायचं. “हस लबाडा, तुझ्यापायीच चाललंय,” म्हणत ती पुन्हा ओढायची. हळूहळू मुंग्या गेल्या. त्याला तिने सांगितलं नाही. दिवसभर मानाच बघणारे त्याचे डोळे, दिसेलच की त्यांना.

एका दुपारी तो कॅमेरा घेऊन घरी आला. तिने ठेवणीतला कुर्ता घातला आणि भिंतीपाशी उभी राहिली.

“अशी काय उभी राहिलीस मुद्दाम? नेहमीसारखी राहा ना. नव्या दवाखान्यात ‘आधी’ मोठा लावायचाय, जुना धूसर येतोय.”

“आणि ‘नंतर’चा?”

“तो कधीच लागला. रिसेप्शनवरच्या मुलीचा काढला. चेहरा कुठे दिसतोय कुणाचा?”

“माझी मान आता अशीच असते. हात लावून बघ.”

तो जवळ आला. मानेमागे दोन बोटं ठेवली आणि दिव्याची शेड फिरवावी तशी तिची मान पुढे ढकलली. “हं, अशी धर.”

तिने बोटं बाजूला केली. “त्या मुलीलाच वाकव. चेहरा कुठे दिसतोय कुणाचा?”

“पेशंट खोळंबलेत गं.” तो कॅमेऱ्यात जुना फोटो शोधू लागला.

बाळाला उचलून ती आतल्या खोलीत गेली. मणका सरळ झालेला त्या बोटांना लागला नसेल, असं स्वतःला समजावून बघत होती. पण दिवसभर ती बोटं तेच तर चाचपायची.