दिवसाआड पाणी

टेपाच्या वाडीत इंग्रजी येणारी एकटी निशिगंधा. शहापूरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाली आणि तिथंच एसटी स्टँडमागच्या सुयोग सरांच्या क्लासमध्ये शिकवायला लागली. शिकवायला म्हणजे नावालाच. झेरॉक्स काढायची, हजेरी घ्यायची, सरांना उशीर झाला की पोरांना गप्प बसवायचं, एवढंच तिच्या वाट्याला.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला एका कंपनीनं वाडीमागच्या डोंगरात बोगद्यासाठी सुरुंग लावले आणि आठ दिवसांत विहीर कोरडी पडली. खाली भातसा धरणाचं पाणी नजर पोचेल तिथवर पसरलेलं, पण ते मुंबईचं. वाडीनं कंपनीला मराठीत तीन अर्ज दिले. एकाचंही उत्तर नाही. शेवटी साइटवरच्या मुकादमानं सांगितलं, "साहेब मुंबईला बसतात. इंग्रजीत द्या, तर वाचतील."

हिराबाई, निशिगंधाची चुलती, तिच्यासमोर येऊन बसली. "गो, एवढी शिकलीस ती कवा कामाला येल? लिव की."

निशिगंधानं दोन दिवस खपून अर्ज लिहिला. आमची विहीर गेली, आम्हाला कायमचा पर्यायी पाणीपुरवठा द्या, नवी विहीर द्या नाहीतर नळ. पर्यायीला तिनं शब्द घातला ‘अल्टरनेटिव्ह’. द्यायच्या आधी सरांना दाखवला. सरांनी लाल पेन काढलं. विहीर, नळ, सगळं खोडून चार ओळी ठेवल्या आणि त्या शब्दाचं शेपूट तोडून ‘अल्टरनेट’ केलं.

"सर, ते अल्टरनेटिव्ह पाहिजे ना?" निशिगंधा म्हणाली. "अल्टरनेट म्हणजे एकाआड एक."

"लांब शब्द वापरला म्हणून इंग्रजी चांगलं होत नाही, बाळा. अर्थ एकच." सरांनी मान वरदेखील केली नाही.

तिला फरक पक्का ठाऊक होता. पण सर कल्याणच्या इंग्रजी शाळेत शिकलेले आणि ती आश्रमशाळेत. तिनं सरांनी सुधारलेलाच अर्ज टाइप करून आणला. वाडीतल्या एकेचाळीस जणांनी सह्या केल्या, अंगठे उठवले.

पंधरा दिवसांत टँकर आला. बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला. मग तसंच चालू राहिलं. हिराबाई चार बायका घेऊन साइटवर गेली. तिथल्या मॅनेजरनं फाइल उघडून अर्जावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय? अल्टरनेट. दिवसाआड. तुम्ही मागितलं, आम्ही दिलं."

"नि हीर?"

"विहीर यात कुठंय, दाखवा. अंगठे तुमचेच ना?"

निशिगंधानं दुसरा अर्ज पाठवला. मागणी पूर्ण झाली, विषय संपला, असं एका ओळीचं उत्तर आलं.

तिला घालूनपाडून कोणी बोललं नाही. टँकरपाशी तिचा हंडा मात्र दर खेपेला मागं सरकायचा. कोणी तरी हळूच म्हणायचं, "शिकलेलीला काय घाई?" तिची आई ऐकून न ऐकल्यासारखी करायची. त्या शब्दानं काय झालं ते निशिगंधानं एकदा सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अमेरिकेत अल्टरनेट चालतं."

मे महिन्यात सुट्टीची नवी बॅच आली. सरांनी फळ्यावर तेच दोन शब्द लिहिले.

"दोन्हींत घोळ घातला की काय होतं सांगतो. इथं एका वाडीनं पर्यायी पाणी मागायच्या ऐवजी दिवसाआड पाणी मागितलं! आणि मिळालंही!"

पोरं खदाखदा हसली. मागं झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन उभी असलेली निशिगंधा पुढं आली.

"ती वाडी माझी. मी बरोबर लिहिलं होतं. तो शब्द सरांनी बदलला."

"जे शिकवतात त्यांच्यावरच उलटायचं," सर एवढंच म्हणाले आणि फळा पुसला. संध्याकाळी फोन आला, उद्यापासून यायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी तिनं सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. हिराबाईनं भरला हंडा डोक्यावर चढवायचा थांबवला.

"तुला ठाव होतं, शबुद चुकतोय?"

"होतं, काकी."

"मंग तवा का नाय अडून बसलीस?"

"सर होते ते. मी कशी..."

"आमी अडाणी, आमी गप बसतो," हिराबाई म्हणाली. "तू पण गप बसायचं, तर शाळंत कशाला धाडलं तुला?"

तिनं हंडा उचलला आणि ती चालू लागली.

जूनच्या आधी बोगदा आरपार झाला. कंपनी गेली, टँकरही गेला. पावसात विहिरीला थोडं पाणी आलं, दिवाळीला पुन्हा तळ दिसला. निशिगंधानं कंपनीच्या मुंबईच्या साहेबांना नवा अर्ज लिहिला. या वेळी कोणाला दाखवला नाही, एक अक्षरही कोणाला बदलू दिलं नाही. त्याला अजून उत्तर आलेलं नाही.