अकरावी जबानी

पोस्टवालीने सायकल पुलाच्या कठड्याला टेकवली, चपला हातात घेतल्या आणि ती ओढ्यात उतरली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. समोरच्या काठातून एक काळं, जाड मूळ पाण्यात लोंबत होतं. तिने ते पायाने दाबून पाहिलं. मूळ बुडालं, वर आलं, ओलं होऊन चकाकलं. एखाद्या जनावराच्या पाठीसारखं.

"हेच असेल का?" ती पुटपुटली.

चार महिन्यांपूर्वी टपाल वाटून परतताना याच जागी तिला पाण्यात काहीतरी दिसलं होतं. काळं, चपळ. क्षणभर वर आलं आणि गेलं. संध्याकाळी तिने ते सहज मास्तरांच्या कानावर घातलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, तिलाही त्यांनीच शिकवलेलं. आता ते रान समितीचं काम पाहत. ओढ्यापलीकडच्या उतारावरचं जुनं रान तोडून तिथे झटपट वाढणारी परकी झाडं लावायचा एका लाकूड कंपनीचा बेत होता. आणि समितीने तर सहा वर्षं त्याच रानात वणवे विझवले होते, शिकाऱ्यांचे फासे काढले होते, उजाड जागी तिथल्याच बियांची रोपं लावून जगवली होती. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मास्तरांनी कपाटातून पुस्तक काढलं.

"हेच ना? पाणमांजर!"

चित्रातलं जनावर दगडावर बसलं होतं. तोंडात मासा, तोंड डावीकडे.

"असंच काहीतरी," ती म्हणाली होती.

त्यातलं 'काहीतरी' रात्रीत गळून गेलं. दुसऱ्या दिवशी जो तो पाणमांजराबद्दल बोलत होता. पाणमांजराचा वावर असेल तिथे तोडीला परवानगी मिळत नाही, असा नियम निघाला. समितीचा अर्ज गेला. आता चौकशीसाठी एक अधिकारी बाई आल्या होत्या आणि कालपासून शाळेत एकेकाची जबानी घेत होत्या. पोस्टवालीची पाळी आज अकरा वाजता होती. अडचण एवढीच की, डोळे मिटले की तिला ओढा दिसतच नव्हता. चित्र दिसत होतं.

ती घरी आली तेव्हा नवरा बेकरीच्या मागच्या खोलीत पीठ चाळत होता.

"अहो, मला खरंच ते दिसलं होतं का?"

"मला काय विचारतेस? मी भट्टीपाशी होतो."

"घरी येऊन मी काय म्हणाले होते, आठवतंय?"

त्याने चाळण खाली ठेवली. "पाय दुखतात, म्हणालीस. मग दुसऱ्या दिवशी दादा दुकानात सांगत आला, तुझ्या बायकोने पाणमांजर पाहिलं. आता तर आपणही पाहिलंय म्हणतो."

"दादांनी? ते ओढ्यावर कधी गेले?"

"गुडघ्यांपायी तो जिना उतरत नाही. पण पाहिलंय. मिशांसकट."

तिला हसू आलं. मग ते कुठेतरी अडकलं. दादा, म्हणजे तिचे थोरले दीर, खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांना बहुधा मनात ते खरंच दिसलं असेल. मग तिला दिसलं ते तरी कशावरून वेगळं?

शाळेच्या दारात मास्तर वाट पाहत होते. इस्त्रीचा सदरा, हातात समितीची फाईल.

"घाबरू नकोस. ठरल्याप्रमाणे सांग."

"ठरल्याप्रमाणे म्हणजे, मास्तर?"

"म्हणजे पाहिलंस तसं," ते म्हणाले, आणि आत जाऊन मागच्या बाकावर बसले.

अधिकारी बाई तिच्याच वयाच्या असाव्यात. पेनचं टोपण चावत त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"काय दिसलं तुम्हाला?"

"पाण..." पोस्टवालीने सुरुवात केली आणि ती थांबली. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं. "काहीतरी काळं होतं. मांजराहून मोठं. वर आलं आणि गेलं. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. नाव मास्तरांनी सांगितलं."

"तोंडात मासा होता?"

"तोंड दिसलंच नाही."

मागे बाक करकरला. मास्तर उठून बाहेर गेले होते.

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्याआधी दहाजणांनी पाहिलंय. दहाही वेळा तोंडात मासा आहे, आणि दहाही वेळा तोंड डावीकडे."

"मग आता?"

"आता जागा दाखवा."

ओढ्यावर बाई गुडघ्यांवर बसून काठाने सरकत राहिल्या. एका सपाट दगडापाशी थांबल्या. दगडावर वाळलेल्या विष्ठेचा बोटभर तुकडा होता, त्यात काहीतरी चमकत होतं. माशाचे खवले. त्यांनी तो कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

"त्याचंच आहे का?"

"सांगता येत नाही."

"मग मी बोलले ते बरं केलं, की सगळ्याचं वाटोळं केलं?"

बाईंनी बुटाची नाडी बांधली. "तेही सांगता येत नाही."

त्यानंतर पोस्टवालीला कुणी काही लागेल असं बोललं नाही; बोलणंच कमी झालं. फक्त दादा एकदा म्हणाले, "तुला कुणी खोटं बोल म्हणालं होतं का? गप्प तरी बसायचं." मास्तर दारात यायचे, टपाल घ्यायचे, दार लावायचे. खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात. तिने ते हलकेपण बरेच दिवस शोधलं. उलट आपण नेमकं काय खरं बोललो, हेच तिला सांगता येईना. जबानीआधी निदान एक चित्र तरी होतं.

पाचव्या आठवड्यात मास्तरांच्या नावाचा सरकारी शिक्क्याचा लिफाफा आला. तिने घंटा वाजवली. मास्तरांनी उभ्या उभ्याच लिफाफा फोडला. पहिल्यांदा मनात वाचलं, मग तिच्यासाठी मोठ्याने.

"दहा जबान्या ग्राह्य धरलेल्या नाहीत. अकरावी धरली आहे. प्राणी कोणता ते निश्चित सांगता येत नाही, म्हणून वर्षभर पाहणी होईल. तोवर तोड नाही."

"म्हणजे रान वाचलं?"

"वर्षभर."

"आणि पुढे?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग आतून एक खुर्ची आणून तिच्यापुढे ठेवली.

"त्या संध्याकाळी मी तुला पुरतं बोलूच दिलं नाही," ते म्हणाले. "आता सांग. पहिल्यापासून. मी मध्ये बोलत नाही."

अजून एक गल्ली वाटायची राहिली होती. तरी ती टेकली. टपालाची पिशवी तिने मांडीवर घेतली.

"आधी दिसलं काहीच नाही," ती सावकाश म्हणाली. "आधी शीळ ऐकू आली. बारीक, तुटक. मला वाटलं, पलीकडून कुणीतरी बोलावतंय. म्हणून तर थांबले. नाहीतर मी कशाला पाण्यात वाकून बघते?"

मास्तरांचा घडी घालणारा हात थांबला.

"कशी शीळ?"

तिने ओठ ओले केले आणि दोनदा, जमेल तशी, शीळ घातली. पाचवीच्या वर्गात उभी असल्यासारखी ती लाजली.

मास्तरांनी कागद बाजूला ठेवला.

"पाणमांजरं अशी शीळ घालतात, हे तुला कुणी सांगितलं?"

"कोण?" ती गोंधळून म्हणाली. "कोण शीळ घालतं?"